विश्वस्त म्हणून सही करण्यापूर्वी: सार्वजनिक न्यासाच्या कायदेशीर जबाबदाऱ्या

हे पत्रक महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांच्या विश्वस्तांसाठी आहे, मग संस्था देवस्थानाची असो, वाचनालयाची, शाळेची की वृद्धाश्रमाची. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली स्थापन झालेल्या धर्मादाय संस्थांनाही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 लागू होतो. अशा संस्थेचे कार्यकारी मंडळ विश्वस्तांच्याच जबाबदारीत येते. "मी नुसता सदस्य आहे, हिशोब खजिनदार बघतात" हे उत्तर चौकशीत टिकत नाही.

बदल अर्ज: 90 दिवस

सर्वांत जास्त संस्था अडकतात त्या इथे. परिशिष्ट एकवर, म्हणजे पीटीआरच्या (सार्वजनिक न्यासांच्या सरकारी नोंदवहीच्या) उताऱ्यावर, असलेल्या कोणत्याही नोंदीत बदल झाला की कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो. निवडणूक झाली की अर्ज करायचा हे बहुतेकांना ठाऊक असते. विश्वस्ताचा मृत्यू, राजीनामा, कार्यालयाचा पत्ता बदलणे, नवी जागा खरेदी करणे किंवा दान मिळणे हेसुद्धा बदलच आहेत, हे मात्र विसरले जाते.

अर्ज राहून गेला तर लगेच काही बिघडत नाही, आणि म्हणूनच तो राहतो. पाच वर्षांनी पुढची निवडणूक होते, मग आणखी एक. दप्तरी मात्र पंधरा वर्षांपूर्वीचीच नावे असतात आणि त्यांतले निम्मे हयात नसतात. अशा वेळी कुणी हरकत घेतली की पहिला प्रश्न येतो: ज्यांनी सभा बोलावली त्यांची नोंद कुठे आहे? एक अर्ज नामंजूर झाला की पुढच्या सगळ्या निवडी डळमळतात. जमिनीच्या परवानगीचा अर्जही तिथेच अडतो. उशीर झालाच असेल तर तो माफ करण्याची तरतूद आहे. त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते आणि खर्चाची रक्कम अर्जदार विश्वस्ताला भरावी लागते.

अर्ज टिकतो तो सभेच्या कागदांवर. इतिवृत्त सुंदर अक्षरात लिहिलेले असते, पण सभेची सूचना सर्वांना मिळाल्याचा पुरावा नसतो, असे फार वेळा दिसते. संस्थेच्या घटनेत सात दिवसांची सूचना सांगितली असेल, तर सूचनेची तारीख, जावक क्रमांक आणि प्रत्येकाची पोच किंवा टपालाची पावती जपून ठेवा. इतिवृत्तात हजर सदस्यांच्या सह्या, गणपूर्तीचा उल्लेख, ठरावाचा सूचक आणि अनुमोदक हवेत. नव्या विश्वस्ताचे संमतीपत्र त्याच दिवशी घ्या. राजीनामा लेखी हवा आणि तो मंजूर केल्याचा ठरावही हवा.

हिशोब आणि लेखापरीक्षण

हिशोब दरवर्षी, सामान्यतः 31 मार्चला, बंद करायचा आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत लेखापरीक्षण करून घ्यायचे. म्हणजे 30 सप्टेंबर. आपला सनदी लेखापाल फक्त बेरजा तपासतो असे समजू नका. त्याच्या अहवालाच्या विहित नमुन्यात ठरलेले प्रश्न आहेत: एखादा विश्वस्त न्यासाचा ऋणको किंवा धनको आहे का, सभा घटनेप्रमाणे नियमित झाल्या का, विश्वस्तांची किमान-कमाल संख्या राखली का, 5,000 रुपयांपेक्षा जास्त खर्चाच्या दुरुस्ती-बांधकामासाठी निविदा मागवल्या का. शेवटचा प्रश्न ऐकून अनेक मंडळी चमकतात. एवढी रक्कम आज शौचालयाच्या दुरुस्तीलाही पुरत नाही, तरी प्रश्न नमुन्यात आहे आणि उत्तर द्यावेच लागते. निदान तीन लेखी दरपत्रके फाइलला लावा.

पदरचे पैसे घालून संस्थेचे बिल भागवणारे विश्वस्त आम्हांला मनापासून आदरणीय वाटतात. पण ती रक्कम देणगी आहे की उसनवार, हे त्याच दिवशी पावतीने किंवा ठरावाने स्पष्ट करा. नाहीतर पुढे तीच रक्कम वादाचा विषय होते.

पैसा कुठे ठेवायचा

लगेच न लागणारा पैसा कलम 35 प्रमाणे अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक किंवा सरकारी रोखे यांतच ठेवता येतो. पतसंस्था ही बँक नव्हे. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी पतसंस्थेत ठेव ठेवली आणि ती बुडाली, तर ठराव करणाऱ्यांना त्याचा जाब द्यावा लागतो. हेतू चांगला होता म्हणून सुटका होत नाही.

जमीन आणि इमारत

विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस यांसाठी कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. शेतजमीन 10 वर्षांपेक्षा जास्त, आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतानाही ती लागते. ठराव एकमताचा असला तरी त्याने मंजुरीची जागा भरत नाही. विसार घेऊन मग अर्ज करू नका. आधी मूल्यांकन अहवाल, मग जाहीर निविदा, आणि विक्री न्यासाच्या हिताची का आहे याची लेखी कारणे, हा क्रम ठेवा. खरेदीदार एखाद्या विश्वस्ताचा नातेवाईक असेल तर तसे आधीच उघड सांगा आणि त्या विश्वस्ताने चर्चेतून व मतदानातून बाहेर राहावे.

आयकर

उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च होणे, आयकर खात्याकडच्या नोंदणीचे नूतनीकरण मुदतीत करणे आणि विश्वस्त किंवा त्यांच्या नातेवाइकांना गैरवाजवी लाभ न देणे, या तीन गोष्टींवर सवलत टिकते. देणगीदारालाही सांगा: 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीवर त्याला वजावट मिळत नाही. परदेशी देणगीसाठी वेगळी परवानगी लागते, आणि ती रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या नियुक्त खात्यातच स्वीकारता येते.

चूक झाली तर

हिशोब सादर करण्यात वारंवार कसूर, कर्तव्याची सतत हेळसांड, पैशाचा गैरवापर अशा कारणांवरून कलम 41ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येते किंवा पदावरून काढता येते. निष्काळजीपणाने न्यासाचे नुकसान झाल्याचे चौकशीत ठरले, तर ते व्यक्तिशः भरून देण्याचा आदेशही होऊ शकतो. एखादा ठराव पटत नसेल तर गप्प बसू नका. आपला विरोध इतिवृत्तात नावानिशी नोंदवायला लावा आणि त्याची प्रत मागून घ्या.

सल्ल्यासाठी आमच्याकडे पहिल्या भेटीला येताना पीटीआरचा अलीकडचा उतारा, घटना व नियमावली किंवा न्यासपत्र, मागच्या तीन वर्षांची हिशोबपत्रके, इतिवृत्त पुस्तक आणि शेवटच्या मंजूर बदल अर्जाचा आदेश आणावा. यातले काही सापडत नसले तरी या. धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरातून नक्कल मागवता येते.