नहराचा रस्ता वेगळा, जंगलचा रस्ता वेगळा

नहराचा, म्हणजे कालव्याच्या पाळीवरचा (कडेच्या भरावावरचा) रस्ता आणि जंगलातला रस्ता, सॅटेलाइट मॅपवर दोन्ही सारखेच दिसतात, हिरव्यातून गेलेली एक बारीक तांबूस रेघ, आणि प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तरी तोच मुरूम, तीच धूळ, ट्रक नाही, डंपर नाही, हॉर्न नाही. म्हणून ग्रॅव्हल सायकल (कच्च्या रस्त्यावर चालवायची, जाड टायरची) नवीन घेतलेले बरेच जण दोन्हीला "कच्चा रस्ता" म्हणून एकाच खात्यात टाकतात. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे सायकल चालवायची असेल तर हा फरक आधी समजून घ्या, काहून की टायर, पाणी, निघायची वेळ, परवानगी, सगळं त्यावर ठरतं.

दोन्ही रस्ते रिकामे आहेत, पण रिकामे असण्याचं कारण एक नाही.

नहर रिकामा असतो कारण तो माणसांच्या सोयीनं काढलेलाच नसतो. धरणातून निघालेलं पाणी पंप न लावता आपोआप वाहत शेतापर्यंत गेलं पाहिजे, म्हणून मुख्य नहर जमिनीच्या समपातळीच्या रेषेनं जातो, किलोमीटरमागे वीत-दीड वीत उतार, बस. टेकडी आली की वळसा, सखल भाग आला की भराव टाकून वरून. गाव बाजूला राहतं. गावाहून गावाला जाणारा माणूस डांबरी रस्ता धरतो, नहराच्या पाळीवरून जातो तो शेतकरी, गुराखी, नाहीतर गेट उघडायला आलेला पाटबंधारेचा कर्मचारी. गोसीखुर्दचा उजवा मुख्य कालवा घ्या, वैनगंगेवरच्या धरणापासून आसोलामेंढा तलावापर्यंत 99 किलोमीटर. नाहीतर पेंचचे कालवे, नवेगाव खैरीच्या धरणातून निघणारे, त्यातला डावा रामटेक-मौद्याच्या धानाच्या पट्ट्यात पाणी नेतो.

सायकलवाल्यासाठी याचा अर्थ असा की चढ नाही, पण उतारही नाही. ऐकायला छान वाटतं, चालवताना कळतं की पायडल मारणं एक मिनिट थांबत नाही, शरीर एकाच पोझमध्ये तासन् तास राहतं, आणि पाळ उंच असल्यानं वारा समोरून आला तर आडोसा कुठेच नाही. सावली तर विसराच. पाळीवर मोठी झाडं वाढू देत नाहीत, मुळांनी भराव फुटतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा सीझन, एप्रिल-मे मध्ये चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या पुढं जातो तेव्हा कोणी नहर धरू नये.

एक गोष्ट मात्र मला नहराची फार आवडते. पूल, गेट, विमोचक (शेताकडं पाणी सोडायचं तोंड), जिथं काही बांधकाम आहे तिथं साखळी क्रमांक रंगवलेला असतो. सा.क्र. 12/450 म्हणजे नहराच्या मुखापासून 12 किलोमीटर 450 मीटर. मोबाईलची रेंज गेली, बॅटरी गेली, तरी तुम्ही कुठं आहात ते भिंतीवर लिहिलेलं आहे, आणि कोणाला फोनवर सांगायचं तर तेवढं पुरतं.

जंगलचा रस्ता वेगळ्या कामासाठी निघाला. लाकूड बाहेर काढायला, बांबू वाहायला, गस्त घालायला, आगीवर पोचायला. त्यामुळं तो समपातळी बघत नाही, नाल्यात सरळ उतरतो, रपट्यावरून किंवा नुसत्या दगडातून पलीकडे जातो आणि समोरचा चढ तसाच छातीवर घेतो. दिवसभरात दमायला होतं ते या छोट्या छोट्या उतार-चढावांनी. आणि तो रिकामा असतो तो बहुतेक ठिकाणी बंद असल्यामुळं, नाहीतर लोकं घाबरतात म्हणून.

बंदचा मुद्दा नीट समजून घ्या. विदर्भात पाच व्याघ्र प्रकल्प आहेत, मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर. त्यांच्या आत मनानं सायकल घालायचा प्रश्नच येत नाही, अभयारण्यातही वन्यजीव संरक्षण कायदा 1972 लागू आहे, परवानगीशिवाय प्रवेश नाही. पण बाहेरचं राखीव जंगल, वनविकास महामंडळाची सागवान लागवड, तिथंही नाका उघडा दिसला म्हणजे रस्ता सगळ्यांचा झाला असं होत नाही. वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारायचं, लेखी मिळालं तर उत्तम. गावागावाला जोडणारे जिल्हा परिषदेचे रस्ते जंगलातून जातात ते मात्र खुले आहेत, आणि माझं स्पष्ट मत, जंगलची मजा घ्यायला ते भरपूर आहेत. नहरावरही पाटबंधारे खात्याची पाटी किंवा आडवी साखळी असेल तर तिचा मान ठेवायचा.

अजून एक फसवी गोष्ट, फायर लाइन. सॅटेलाइटवर रुंद, सरळ, मस्त रस्ता दिसतो. तो रस्ता नाही. आगीचा सीझन 15 फेब्रुवारीला सुरू होतो, त्याच्या आधी जंगल कापून-जाळून ते पट्टे मोकळे करतात, आग पलीकडे जाऊ नये म्हणून. तिथं सागाचे, बांबूचे तिरपे कापलेले खुंट राखेत लपलेले असतात आणि ते टायरची बाजूची भिंत फाडतात.

पंक्चरचंही तसंच आहे. नहरावर सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे, म्हणजे बारीक भोकं, ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) असेल तर काटा उपटायचा, चाक फिरवायचं, चालू पडायचं. जंगलात फाटतं. तिथं आतून लावायचा टायरचा तुकडा आणि एक ट्यूब पाहिजेच. शिवाय पानगळीनंतर सागाची मोठमोठी पानं चाकोरी झाकून टाकतात, खाली दगड आहे का खड्डा काही समजत नाही, म्हणून मी 40 एमएमपेक्षा बारीक टायर जंगलात नेत नाही. नहरावर 35 सुद्धा चालतो, अट एकच, मुरूम टाकलेला असावा. मुरूम संपून काळी माती लागली आणि पाऊस पडलेला असेल तर तिथंच थांबा, ती माती टायर आणि फोर्कच्या मधी इतकी ठासून बसते की चाक फिरतच नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

आता धोका. नहरावर धोका पाण्याचा. काँक्रीटचं अस्तर तिरपं असतं, पाण्याच्या कडेला त्यावर शेवाळ धरतं, आत पडलेला माणूस पोहता येत असूनही वर चढू शकत नाही, हरणं अशीच अडकतात. पाणी सोडलेलं असताना नेहमी बाहेरच्या, शेताच्या बाजूनं चालवा आणि पायऱ्या कुठं आहेत ते जाता जाता बघून ठेवा.

जंगलात धोका आहे तो तुमच्या सायकलचा आवाज नसण्याचा. मोटरसायकल लांबून ऐकू येते, जनावर बाजूला होतं. सायकल वळणावरून एकदम पुढ्यात येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, अस्वल झाडाखाली खाण्यात गुंग असतं, आणि दचकलेलं अस्वल पळण्याऐवजी अंगावर येऊ शकतं. म्हणून घंटी वाजवत जायचं, वळणाआधी मोठ्यानं बोलायचं, एकट्यानं जायचं नाही. ऊन चांगलं वर आल्यावर निघायचं आणि चार-साडेचारला बाहेर पडलेलं असायचं. नहरावर पहाटे निघणं शहाणपणाचं, जंगलात तेच जिवावर बेतू शकतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन्ही एकत्र येतात तिथं. गोसीखुर्दचा उजवा कालवा ताडोबा आणि उमरेड-करांडला अभयारण्याच्या मधल्या भागातून जातो, वाघ इकडून तिकडं जातात तो हाच पट्टा. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे एका बाजूला धानाची बांधी, दुसऱ्या बाजूला झाडी, आणि जनावरंही चालायला सोपी म्हणून पाळच धरतात. अशा तुकड्यात जंगलची वेळ पाळायची. शेवटच्या गावात पानठेल्यावर नाहीतर गुराख्याला विचारा, "दादा, इकडं चार-पाच दिवसांत पंजे दिसले का?" हो म्हणाले तर वाद घालू नका, सायकल वळवा आणि धरणाकडचा उघडा, दोन्ही बाजूंनी शेत असलेला तुकडा करा.