५०० वेळा दांडी दाबलेला उंदीर

डिसेंबर सरत आला की फोनवर एक संदेश हमखास येतो. कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस करा, सवय लागलीच म्हणून समजा. शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केले आहे! यातले शास्त्रज्ञ म्हणजे मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असे आपले निरीक्षण त्यांनी १९६० सालच्या एका पुस्तकात नोंदवले होते. प्रयोग नाही, मोजमाप नाही. पुढे त्यातले 'किमान' गळाले, चेहराही गळाला आणि उरलेल्या आकड्यावर आजतागायत कार्यशाळा भरताहेत.

रीतसर मोजणी केली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९६ जणांनी स्वतःच निवडलेली एकेक साधी कृती ८४ दिवस केली आणि ती किती आपसूक होते आहे, याची रोज नोंद ठेवली. सवय मुरायला लागणारा काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस निघाला, मध्यक ६६. (८४ दिवसांच्या अभ्यासातून २५४ कसे आले? आलेखाची वक्ररेषा पुढे वाढवून. तेव्हा त्या आकड्यालाही फार चिकटू नये.)

पण नव्या सवयीला किती दिवस लागतात यापेक्षा मला दुसरा प्रश्न जास्त छळतो. जुनी सवय नुकसान करते आहे हे कळते, पटते, ती सोडायचे ठरते. तरी हात तिकडेच का जातो? याचे रुळलेले उत्तर म्हणजे 'इच्छाशक्ती कमी पडली'. इच्छाशक्ती वापरली की खर्च होते, हा सिद्धान्त १९९८ पासून चांगलाच गाजला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर तो तपासला, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. त्यामुळे ते उत्तर बाजूला ठेवू आणि उंदरांकडे वळू.

केंब्रिजमधल्या क्रिस्टोफर अ‍ॅडम्स यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला मानसशास्त्रातल्या सर्वात सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो. पिंजऱ्यात एक दांडी. ती दाबली की साखरेची गोळी मिळते. उंदरांच्या एका गटाला १०० वेळा दांडी दाबू दिली, दुसऱ्याला ५०० वेळा. मग दांडी काढून घेतली, उंदरांना त्याच गोळ्या खाऊ घातल्या आणि लिथियम क्लोराइडचे इंजेक्शन दिले. त्याने मळमळते. गोळी खाल्ली की मळमळ, असे जुळल्यावर दोन्ही गटांना गोळीची शिसारी बसली. आता दांडी परत ठेवली. १०० वेळा दाबलेल्या उंदरांनी दाबणे बरेच कमी केले. नकोशा गोळीसाठी दांडी कशाला दाबायची? ५०० वेळा दाबलेले उंदीर मात्र जवळपास पूर्वीसारखेच दाबत राहिले.

या शेवटच्या चाचणीत दांडी दाबून गोळी मिळतच नव्हती, आणि प्रयोगाची खरी मेख इथे आहे. गोळी मिळाली असती तर उंदीर तिथल्या तिथे नव्याने शिकला असता. ती मिळत नसल्यामुळे तो दांडी कशाच्या जोरावर दाबतो, एवढेच उरले. पहिला गट 'हे केले की ते मिळते आणि ते मला हवे आहे का' असा हिशेब करत होता. दुसऱ्या गटात हिशेबच नाही: दांडी दिसली, दाबली. मिळणाऱ्या वस्तूची किंमत त्या साखळीत कुठेच नोंदलेली नाही, त्यामुळे किंमत पडली तरी साखळीला पत्ता लागत नाही.

मेंदूत या दोन पद्धतींच्या जागाही बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत. मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग असतो. उंदरात त्याच्या वरच्या पट्ट्याचा मध्याकडचा भाग हिशेबी वागण्याला लागतो आणि बाहेरच्या बाजूचा भाग सवयीला. यिन, नोल्टन आणि बॅलाइन यांनी २००४ मध्ये उंदरांचा हा बाहेरचा भाग निकामी केला, तेव्हा भरपूर सराव होऊनही उंदीर हिशेबीच राहिले. गोळी नकोशी झाली की दांडीकडे पाठ!

संकल्प म्हणजे परिणामांची किंमत नव्याने ठरवणे. आजवर हवेसे होते ते आता नको, एवढेच आपण ३१ डिसेंबरच्या रात्री करतो, आणि अगदी मनापासून करतो. हिशेबी मेंदूला ते लगेच कळते. पण ज्या कृतीबद्दल संकल्प केला ती हजारो वेळा होऊन केव्हाच दुसऱ्या खात्यात गेलेली असते आणि त्या खात्यात 'का' हा रकानाच नाही.

इथे थोडे अवघड वळण आहे. सरावाइतकेच महत्त्व बक्षीस कोणत्या रीतीने मिळते यालाही आहे. एक रीत अशी: जितके दाबाल तितक्या गोळ्या. दुसरी अशी: गोळी अधूनमधून आपल्या वेळेने तयार होते, त्यानंतर पहिल्यांदा दाबाल तेव्हा मिळते, मधल्या वेळात कितीही दाबा, जास्तीचे काही नाही. पहिल्या रीतीत उंदीर बराच काळ हिशेबी राहतो, दुसरीत चटकन सवयीचा गुलाम होतो. मानसशास्त्रज्ञ अँथनी डिकिन्सन यांचे स्पष्टीकरण असे की, दुसऱ्या रीतीत कमी-जास्त दाबल्याने मिळकतीत फरक पडत नाही, म्हणून कृती आणि फळ यांचा संबंध अनुभवातून पुसट होतो. आता फोन उघडून नवे काही आले का हे पाहणे आठवा. संदेश त्यांच्या वेळेने येतात, आपण दहादा पाहिल्याने दहा येत नाहीत. सवय लावायची दुसरी रीत ती हीच. 'डोपामिन डिटॉक्स'च्या नावाखाली दोन दिवस फोन कपाटात ठेवायला सांगणारे भेटतात. डोपामिन हे मेंदूतले एक संदेशवाहक रसायन, शरीरात साचलेले विष नव्हे, ते धुऊन निघायचा प्रश्नच येत नाही. आणि तिसऱ्या दिवशी फोन त्याच हातात, त्याच खुर्चीत येतो.

खुर्चीचा उल्लेख उगाच केलेला नाही. डेव्हिड नील, वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रपटगृहात बसलेल्या काहींना ताजे पॉपकॉर्न दिले, काहींना आठवडाभराचे शिळे. चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय असलेल्यांनी शिळेही जवळपास तेवढेच खाल्ले, आवडले नाही हे सांगूनसुद्धा. तोच प्रकार सभेच्या खोलीत केला तर मात्र शिळे बाजूला पडले. चित्रपटगृहातही ज्यांना नेहमीच्या ऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावले, त्यांनी शिळे कमी खाल्ले. साखळीची एक कडी हलली आणि चवीचा निकाल हातापर्यंत पोचला.

माणसाच्या बाबतीत सगळे इतके स्वच्छ नाही. अ‍ॅडम्सचा प्रयोग माणसांवर जमवण्याचे पाच प्रयत्न सन्ने डी विट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडले, आणि पाचही फसले: सराव वाढवूनही लोक हिशेबीच राहिले. प्रयोगशाळेतला थोडक्या दिवसांचा सराव वर्षानुवर्षांच्या सवयीला पुरत नसावा, असे मला वाटते. उंदीर तो उंदीर, हेही खरेच.

जुनी सवय पुसली जात नाही, याचा थक्क करणारा पुरावाही उंदरांतूनच आला. एमआयटीमध्ये काइल स्मिथ आणि अ‍ॅन ग्रेबिएल यांनी २०१२ मध्ये मेंदूच्या पुढच्या भागातले एक लहानसे केंद्र प्रकाशाच्या साहाय्याने हवे तेव्हा बंद करून पाहिले. ते बंद होताच चक्रव्यूहात धावायची पक्की सवय थांबली. पुढे उंदरांना नवी सवय लागली. मग तेच केंद्र पुन्हा बंद केले, तर नवी सवय गेली आणि जुनी जशीच्या तशी परतली.

राहता राहिली तारीख. पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पण संकल्पांशी त्याचा काडीचा संबंध नाही. कुणी जोडण्याआधीच सांगून ठेवलेले बरे. तारखेने सुरुवात करण्याचा हुरूप मात्र खरोखर येतो. आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या आरंभी लोक व्यायामशाळेत जास्त जातात, हे डाय, मिल्कमन आणि रीस यांनी २०१४ मध्ये दाखवले. ३१ तारखेची खोली, खुर्ची आणि फोन १ तारखेलाही तिथेच असतात, तेवढे तारखेच्या हातात नाही.

याच्या उलट बाजूचा एक प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. मिल्न, ऑर्बेल आणि शीरन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या एका गटाला व्यायाम न केल्यास हृदयविकाराचा धोका कसा वाढतो हे वाचायला दिले. दुसऱ्या गटाने तेही वाचले आणि शिवाय पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे एका वाक्यात लिहून दिले. त्या आठवड्यात निदान एकदा व्यायाम केलेले पहिल्या गटात ३५ टक्के होते, म्हणजे काहीच न सांगितलेल्या तिसऱ्या गटाच्या ३८ टक्क्यांच्या आसपासच. वाक्य लिहून देणाऱ्यांत ९१ टक्के. त्या वाक्यात प्रेरणा काही नव्हती, फक्त कोणती वेळ आणि कोणती जागा दिसली की उठायचे हे होते. अर्थात मोजला तो एका आठवड्यातला निदान एक व्यायाम. त्यातून सवय किती जणांना लागली, हे त्या आकड्यावरून कळत नाही.