हलकी चाके व टायर (छोट्या मोटारींसाठी, खानदेश)

छोट्या मोटारीचे ॲव्हरेज वाढावे, निदान घटू नये, म्हणून तिच्या डिस्क (लोखंडी चाक), मॅग व्हील (ॲल्युमिनियमचे चाक) आणि टायर यांचे वजन, माप व रोलिंग रेझिस्टन्स पाहून केलेली निवड. टायर फिरताना त्याचा रस्त्याला टेकलेला भाग दबतो आणि पुन्हा सुटतो; या दबण्या-सुटण्यात जी ताकद उष्णता होऊन जाते, तिला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत निवड करताना मे महिन्याचे ऊन, काळ्या मातीवरचे रस्ते आणि बाभळीचे काटे यांचा विचार आधी करावा लागतो. 'हलके चाक' हा शब्द ग्राहकाच्या तोंडी पहिला असतो, पण पेट्रोल वाचवण्यात वजनाचा वाटा सर्वांत लहान आहे. आधी हवा, मग टायरची जात, मग माप आणि शेवटी वजन, असा क्रम ठेवावा.

वजनाचा हिशेब

१३ इंची लोखंडी डिस्क साधारण साडेपाच-सहा किलोची, १४ इंची साडेसहा ते आठ किलोची असते. १५५/८० आर१३ टायर (या आकड्यांचा अर्थ पुढे 'माप' या भागात आहे) सहा-साडेसहा किलोचा, तर १८५/६५ आर१५ आठ किलोच्या वर जातो. चाक पुढेही सरकते आणि स्वतःभोवतीही फिरते. त्यामुळे गाडी वेग घेताना टायरच्या माथ्यावरचा, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागातला, एक किलो जवळजवळ दोन किलोसारखा आणि रिमवरचा (टायर बसतो त्या धातूच्या कड्यावरचा) एक किलो सुमारे दीड किलोसारखा जड पडतो.

प्रत्येक चाकामागे २ किलो वाचवले, तर चारही चाकांचे ८ किलो होतात आणि वेग घेताना ते १३ किलोच्या आसपास भासतात. दोन माणसांसह गाडी हजार किलोची धरली, तर हा फरक सव्वा टक्क्याच्या घरात येतो, आणि तोही फक्त वेग वाढवताना. जळगाव शहरात सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीला तो थोडा मिळतो. एरंडोल-पारोळामार्गे धुळ्याला ८० च्या एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला जवळजवळ काहीच मिळत नाही.

टायरच्या जातीचा हिशेब वेगळा आहे. हजार किलोच्या गाडीवर रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.०११ वरून ०.००८ झाला, तर ओढ सुमारे १०८ न्यूटनवरून ७८ वर येते. १०० किलोमीटरमागे यातून ०.३ लिटरच्या आसपास पेट्रोल वाचते. लिटरला २० देणारी गाडी २१ च्या वर जाते. तेच पैसे मॅग व्हीलमध्ये घातले तर एवढा फायदा होत नाही.

टायरची जात

कमी रोलिंग रेझिस्टन्सच्या टायरच्या माथ्यावरील रबरात काजळीऐवजी बऱ्याच प्रमाणात सिलिका असते. भारतात टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांच्या मर्यादा एआयएस-१४२ या मानकात ठरवल्या आहेत, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ताऱ्यांची पट्टीही टायरसाठी आहे. दुकानात पट्टी लावलेला टायर मागावा. तसा नसेल तर त्याच मापातला इंधन बचतीसाठी बनवलेला नमुना विचारावा, आणि त्याची ओल्यातली पकड कशी आहे हेही विचारावे. पेरणीच्या दिवसांत शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर सांडते. पहिल्या सरीत तिचा लगदा होतो आणि गाडी सरळ घसरते. तेव्हा ताऱ्यांच्या मागे लागून पकड सोडू नये.

टायरच्या बाजूवरची चार आकडी तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन उन्हाळे काढलेला टायर दिसायला नवा असतो, पण त्याचे रबर कडक झालेले असते. आयएसआय खूण आणि भारांक (टायर किती वजन पेलतो हे सांगणारा आकडा) हेही तपासावेत : ७९ म्हणजे एका टायरवर ४३७ किलो, ८१ म्हणजे ४६२, ८५ म्हणजे ५१५. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर हलका असला तरी घेऊ नये. सीएनजीच्या गाडीत टाकी आणि तिच्या सरंजामामुळे ७० ते १०० किलो वाढतात आणि त्यांतले बरेचसे मागच्या चाकांवर येतात, म्हणून तिथे ही चूक लवकर बाहेर पडते.

माप

१५५/८० आर१३ यात १५५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० ही रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची आणि १३ हा रिमचा इंचातला व्यास. पूर्ण व्यास काढायचा तर रिमचा व्यास २५.४ ने गुणावा आणि बाजूच्या उंचीची दुप्पट त्यात मिळवावी. या मापाचा व्यास ५७८ मिमी येतो. १६५/७० आर१४ चा ५८७, म्हणजे दीड टक्का जास्त, त्यामुळे चालण्याजोगा. १६५/८० आर१४ आणि १८५/६५ आर१५ यांचे व्यास ६२० व ६२२ असे जवळजवळ सारखे आहेत. १५५/८० आर१३ च्या जागी १८५/६५ आर१४ बसवला, तर व्यास ५९६ होतो, ३ टक्क्यांनी वाढतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा गाडी भरल्यावर तो मडगार्डच्या अस्तराला घासू शकतो, आणि चढावर गिअर जड वाटतो.

कंपनीने आपल्याच मॉडेलच्या खालच्या प्रकाराला दिलेले सर्वांत लहान, अरुंद माप बहुतेक वेळा सर्वांत हलके आणि ॲव्हरेजला सर्वांत चांगले असते. वरच्या प्रकाराचे १५ इंची चाक दिसायला भरदार असते, पण ते वजन, रुंदी आणि हवेचा अडथळा तिन्ही वाढवते. वरच्या प्रकाराच्या गाडीला खालच्या प्रकाराची डिस्क बसवायची असेल तर पुढच्या ब्रेकचे कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) आत मावते का, हे टायर चढवण्याआधी नुसती डिस्क लावून, हाताने फिरवून पाहावे.

मॅग व्हील

मॅग व्हील म्हटले की हलके, हा समज चुकीचा आहे. ओतीव ॲल्युमिनियमची जाड आऱ्यांची स्वस्त चाके त्याच मापाच्या लोखंडी डिस्कएवढी किंवा जास्त भरतात. घडीव चाके खरोखर हलकी असतात, पण त्यांची किंमत छोट्या गाडीच्या इंधनबचतीतून भरून निघत नाही. बोलण्यावर विश्वास न ठेवता धान्याच्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आपली जुनी डिस्क आणि नवे चाक, दोन्ही टायरविना तोलावीत. एका चाकामागे १ किलोही वाचत नसेल तर तो खर्च शोभेचा समजावा.

नटांच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. छोट्या गाड्यांत ४×१०० आणि ४×११४.३ दोन्ही आढळतात. मधले भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसते त्या मधल्या गोल भागापेक्षा) मोठे असेल तर मध्ये रिंग घालावी लागते. नाहीतर चाक नटांवर लोंबते आणि ७०-८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते, बॅलन्सिंग कितीही केले तरी. ईटी आकडा, म्हणजे चाकाची हबवर टेकणारी बाजू चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिमी दूर आहे ते, मूळ चाकापासून ५ मिमीच्या आत असावा. चाक बाहेर आले की बेअरिंग लवकर आवाज करू लागते. रिमची रुंदी टायरला जुळावी : १५५/८० ला ४ ते साडेपाच इंच, १८५/६५ ला ५ ते साडेसहा. मोटारीच्या चाकांसाठी आयएस ९४३६ हे मानक आहे, त्याची खूण चाकावर शोधावी. नट मॅग व्हीलच्या बैठकीला जुळणारे घ्यावेत, पुस्तिकेतल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला), छोट्या गाड्यांत बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरला, आवळावेत, आणि ५०-१०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत. बदललेल्या चाकांची माहिती विमा कंपनीला आधीच द्यावी.

काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. डांबराच्या कडा तुटतात आणि खड्ड्यांना धारदार काठ येतात. १५५/८० ची बाजू १२४ मिमी उंच, १९५/५५ ची १०७. बाजू जितकी बुटकी, तितका धक्का थेट रिमला बसतो, आणि टायरच्या बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. वाकलेली लोखंडी डिस्क सरळ करता येते. तडकलेल्या मॅग व्हीलला वेल्डिंग करून ते पुन्हा चढवू नये. सातपुड्याच्या पायथ्याला, शहादा-धडगाव बाजूला रोज जाणाऱ्याने लोखंडी डिस्कच ठेवावी.

हवा

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून 'उन्हाळ्यात हवा कमी ठेवा' असा सल्ला सर्रास मिळतो. तो घातक आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि बाजूचे धागे सुटून तो फुटतो. प्रवासात दाब ३-४ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) वाढणे टायरच्या रचनेत धरलेले असते. गरम टायरची हवा सोडू नये. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो, म्हणून मोजणी पहाटे, गाडी हलवण्याआधी करावी.

तापमान साडेपाच अंशांनी उतरले की दाब सुमारे १ पीएसआयने घटतो. मे महिन्यातल्या २८-३० अंशांच्या पहाटे बरोबर भरलेली हवा जानेवारीतल्या ११-१२ अंशांच्या पहाटे ३ पीएसआयने कमी निघते, टायर गळत नसतानाही. थंडीत ॲव्हरेज पडण्याचे हे एक साधे कारण आहे. हवेत आधीच ७८ टक्के नायट्रोजन आहे, त्यामुळे नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्यापेक्षा स्वतःचा गेज घेऊन दर पंधरवड्याला मोजणे बरे. बांधाबांधाने, शेतरस्त्याने गाडी नेणाऱ्यांच्या टायरमध्ये बाभळीचा काटा आत मोडून राहतो आणि ट्यूबलेस टायर आठवड्याला २-३ पीएसआय उतरतो. एकच टायर वारंवार उतरत असेल तर तो पाण्यात धरून पाहावा. स्टेपनीतही हवा भरलेली असावी.

ॲव्हरेज मोजणे

नवे टायर टाकल्यावर ॲव्हरेज घटले, ही तक्रार बहुधा खरी असते, पण टायर खराब म्हणून नव्हे. नव्या टायरच्या ७-८ मिमी नक्षीतले रबर जास्त हलते आणि जास्त ताकद खाते. शिवाय नक्षी झिजून गोटा झालेला जुना टायर व्यासाने १२ मिमीपर्यंत लहान झालेला असतो, त्यामुळे ओडोमीटर २ टक्के जास्त किलोमीटर दाखवत होते. कायद्याने नक्षी १.६ मिमीच्या खाली गेली की टायर बाद.

टाकी काठोकाठ भरून, त्याच पंपावर, ५००-६०० किलोमीटरनंतर पुन्हा तशीच भरून हिशेब करावा. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत धुळे-साक्री पट्ट्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या त्याच वाऱ्यावर फिरतात. जळगावहून धुळ्याकडे जाताना तो समोरून लागतो, म्हणून जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही आकडे मिळूनच तुलना करावी. माप बदलले असेल तर ओडोमीटरचा आकडा व्यासाच्या टक्केवारीने दुरुस्त करावा : १५५/८० आर१३ वरून १६५/७० आर१४ वर गेलेल्या गाडीचे दाखवलेले ५०० किलोमीटर प्रत्यक्षात सुमारे ५०७ असतात.