माहुआंग: घामाच्या काढ्यापासून बारीक होण्याच्या गोळीपर्यंत

उत्तर चीनच्या कोरड्या, रेताड माळांवर माहुआंग नावाचं झुडूप उगवतं. पानं जवळजवळ नाहीतच, नुसता हिरव्या, पेरापेराच्या काड्यांचा झुपका. तिथले वैद्य या काड्या घाम आणायला देतात आणि त्याच झाडाचं मूळ घाम थांबवायला. त्याच कुळातली सोमलता आपल्या हिमालयात आहे. पारशी धर्मगुरू यस्न विधीत ‘होम’ म्हणून ज्या काड्या कुटतात, त्याही याच कुळातल्या.

इ.स. 200 च्या सुमारास झांग झोंगजिंग या वैद्याने माहुआंगचा काढा लिहून ठेवला. काड्या, दालचिनीच्या डहाळ्या, जर्दाळूच्या बियांचा गर आणि ज्येष्ठमध. रोगी कोणता? थंडी वाजून ताप आलेला, अंग ठणकतंय, धाप लागलीय, पण घाम फुटत नाही असा. घाम सुटला आणि बरं वाटलं की उरलेला काढा द्यायचा नाही. ज्याच्या नाकातून वरचेवर रक्त येतं, त्याला घाम आणायचाच नाही. मला त्या काढ्याइतकीच ही बंधनंही मोलाची वाटतात.

काड्यांतलं एफेड्रिन हे औषधी द्रव्य जपानच्या नागाई नागायोशी यांनी 1885 मध्ये वेगळं काढलं. त्याचं खरं मोल मात्र 1924 मध्ये कळलं. पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात चेन केहुई आणि कार्ल श्मिट यांनी दाखवलं की ते अ‍ॅड्रिनलिन या शरीरातल्या उत्तेजक स्रावासारखं काम करतं, शिवाय तोंडाने घेता येतं आणि जास्त वेळ टिकतं. अ‍ॅड्रिनलिन टोचूनच घ्यावं लागे, त्यामुळे दमेकऱ्यांना हा केवढा दिलासा होता! एफेड्रिनने श्वासनलिका सैल होतात, पण रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय धडधडतं, झोप उडते. पुढे दम्यावर अधिक सुरक्षित औषधं आली. तरी सिझेरियनच्या वेळी पाठीत भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर भूलतज्ज्ञ आजही एफेड्रिन टोचतात.

घात झाला तो 1990 च्या दशकात, अमेरिकेत. माहुआंगचा अर्क कॅफीनबरोबर गोळीत भरून वजन घटवायला आणि व्यायामाला जोर यावा म्हणून विकला गेला. दोन्ही उत्तेजक, तीही एकत्र आणि रोज. नाडी पाहणारं कोणी नाही. 2003 मध्ये सगळे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत महिन्याला जेमतेम 0.9 किलो जास्त वजन उतरलेलं दिसलं; धडधड, मळमळ, मानसिक अस्वस्थता यांचा धोका मात्र 2 ते 3 पट. त्याच वर्षी फेब्रुवारीत बेसबॉलपटू स्टीव्ह बेक्लर सरावादरम्यान उष्माघाताने कोसळला आणि गेला. वय 23. शवविच्छेदन करणाऱ्या अधिकाऱ्याने या गोळ्यांनाही कारणांत धरलं.

एप्रिल 2004 मध्ये अमेरिकेने एफेड्रिनयुक्त पूरक गोळ्यांवर बंदी घातली. चिनी वैद्य परंपरेनुसार देतात, तो काढा या बंदीतून वगळला होता.