सिएनाचा पालिओ : चार रात्रींचा मुक्काम कशासाठी?

"पालिओ ही घोड्यांची शर्यत दीड मिनिटाची, मग तिथे चार रात्री राहून करायचं काय?" इटलीतल्या आमच्या टस्कनी सहलीची चौकशी करताना हा प्रश्न हमखास येतो. पैसे भरण्याआधी त्याचं उत्तर वाचून घ्या.

सिएना शहराच्या मधोमध पियाझ्झा देल काम्पो हा शिंपल्याच्या आकाराचा उतरता चौक आहे. दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला त्याच्या कडेने माती अंथरून घोडे पळवतात. तीन फेऱ्या, खोगीर नाही. स्वार पडला आणि नुसता घोडा पहिला आला, तरी विजय ग्राह्य! बक्षीस म्हणून मिळतो रंगवलेला रेशमी पट. त्यालाच पालिओ म्हणतात.

शर्यत लावतात त्या शहरातल्या १७ 'कोन्त्रादा', आपल्या भाषेत पेठा. त्यांच्या हद्दी १७२९ साली आखल्या गेल्या, त्या आजही पाळतात. प्रत्येक पेठेचं चर्च वेगळं, निशाण वेगळं, बहुतेकींचा वैरीही ठरलेला. कासव पेठ आणि गोगलगाय पेठ यांचं हाडवैर आहे. घोड्यांच्या शर्यतीत या दोघांनी भांडावं याची गंमत सिएनाकरांना मात्र वाटत नाही. एका वेळी दहाच पेठा धावतात. आदल्या वर्षी त्याच तारखेच्या शर्यतीत नसलेल्या सात हक्काने, उरलेल्या तीन चिठ्ठीने.

आता चार रात्रींचं कारण. २९ जूनला (ऑगस्टमध्ये १३ तारखेला) घोडे चिठ्ठ्या टाकून वाटतात. चांगला घोडा निघाला की अख्खी पेठ गात, नाचत त्याला तबेल्यात नेते. मग सहा सराव शर्यती. आदल्या रात्री गल्लीत लांबच लांब टेबलं मांडून जेवणावळ होते. काही पेठा बाहेरच्यांनाही पैसे घेऊन बसवतात, पण पदार्थ ठरलेले असतात. शाकाहारी असाल तर आधी सांगा. शर्यतीच्या दुपारी घोड्याला थेट पेठेच्या चर्चमध्ये नेतात. पाद्री आशीर्वाद देऊन म्हणतो, "जा, आणि जिंकून ये!" घोड्याने तिथेच लीद टाकली तर तो शुभशकुन.

शर्यत सुटायला वेळ लागतो, पण कंटाळू नका, खरा खेळ तिथेच असतो. नऊ घोडे दोन दोरांच्या मध्ये उभे राहतात, दहावा मागून धावत येतो तेव्हाच दोर सुटतो. कधी यायचं ते त्या दहाव्याच्या स्वारावर. वैऱ्याचा घोडा आडवा होईपर्यंत तो थांबतो, आणि तेवढ्यात बाकीचे स्वार सगळ्यांदेखत सौदे करत असतात. हे इथे चालतं, लपवाछपवी नाही.

चौकाच्या मध्यभागी उभं राहणं फुकट आहे. पण तासन्‌तास ऊन, गर्दी, शौचालय नाही, आणि शर्यत संपेपर्यंत बाहेर पडणं कठीण. ज्येष्ठांनी आणि मुलं बरोबर असणाऱ्यांनी कडेच्या लाकडी बाकांची तिकिटं घ्यावीत. ती महाग असतात, सहलीच्या दरात धरलेली नाहीत.

शर्यतीच्या वाटेवरच्या सान मार्तिनो या वळणावर गाद्या लावलेल्या असल्या तरी घोडे पडतात, कधी दगावतातही. इटलीत यावरून वाद आहे. हे बघवणार नसेल त्यांनी आमची सप्टेंबरची सहल घ्यावी.

माती ओली असली तर शर्यत पुढे ढकलतात, म्हणून लगेच दुसऱ्या दिवशीचं परतीचं विमान आम्ही घेत नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जुलैच्या तुकडीने कागदपत्रं फेब्रुवारीअखेर द्यावीत.