चिंचोका

चिंचोका म्हणजे चिंचेचं बी. चपटं, चकचकीत, तपकिरी, आणि कच्चं चावायला गेलं तर दातच हलेल असं कडक. आपल्याकडे याची पत काय ते "पैसे काय चिंचोके वाटले का तुला?" या एका वाक्यात कळतं, जे बहुतेकांनी लहानपणी घरी ऐकलेलं असतंच. गंमत म्हणजे हा टाकाऊ माल फळाच्या वजनातला जवळजवळ तिसरा हिस्सा असतो, आणि चिंच आमटीत पडून संपते तरी चिंचोका पुढे कुठे कुठे जातो याचा पत्ता आमटी खाणाऱ्याला नसतो.

याचा सगळ्यात जुना आणि मोठा उपयोग म्हणजे खळ. चिंचोके भाजायचे, म्हणजे वरचं टरफल ठिसूळ होऊन सुटतं, मग आतला पांढरट गर दळायचा आणि पाण्यात शिजवायचा. थोड्याशा पुडीत पातेलंभर चिकट, दाट खळ होते. खरी घोंगडी याच खळीवर उभी असते. सणगर आणि धनगर लोक मेंढीच्या लोकरीचं हाताने कातलेलं सूत वापरतात, ते एकपदरी आणि केसाळ असतं, तसंच मागावर चढवलं तर घासून घासून तुटणार. म्हणून ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, लांबच्या लांब पसरून त्याला कुंच्याने ही खळ देतात आणि उन्हात वाळवतात, सुताचे सुटे केस आत चिकटून बसतात आणि धागा ताठ होतो. नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ लागते त्यात या खळीचा मोठा हात असतो, त्यामुळे "ही तर कडक आहे" म्हणून दुकानातून परत फिरू नका, वापरून वापरून ती मऊ पडते.

चित्रकारांनाही ही खळ लागते. सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे ते गोल हाताने रंगवलेले पत्ते, त्यांचा पाया बनवतानाही चिंचोक्याची खळ लागते. ओडिशाच्या पट्टचित्राचं कापड याच खळीत खडूची पूड मिसळून तयार करतात, हा थर वाळला की दगडाने घासून गुळगुळीत करतात, तेव्हा कुठे त्यावर रंग बसतो. तेलंगणातल्या चेरियालला आणि आंध्रातल्या कोंडापल्लीला तर लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ मळून लगदा करतात, पहिल्या ठिकाणी त्याचे मुखवटे होतात, दुसऱ्या ठिकाणी खेळण्यांचे सांधे आणि हातपाय त्यानेच जोडतात.

हे सगळं जमतं कारण गराचा साधारण निम्मा भाग झायलोग्लुकन नावाच्या पदार्थाचा असतो. ग्लुकोजची लांब साखळी, तिला झायलोज आणि गॅलॅक्टोजच्या फांद्या, असा तो प्रकार, पाणी धरून ठेवण्यात एकदम पक्का. 1942 मध्ये घोष आणि कृष्णा या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी गरात 46 ते 48 टक्के जेली होणारा पदार्थ असतो हे जाहीर केलं. फळांतल्या पेक्टिनची, म्हणजे जॅम-जेली घट्ट करणाऱ्या पदार्थाची, जेली जमायला आंबटपणा नेमका लागतो, याला तसं काही नाही, साखर भरपूर असली की झालं. जपानमध्ये हाच डिंक सॉस आणि आइस्क्रीमला दाटपणा आणायला वापरतात. मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं ते डोळ्यांचं, कोरड्या डोळ्यांसाठीच्या काही ड्रॉप्समध्ये हा पदार्थ असतो, कारण त्याची रचना अश्रूंतल्या म्युसिन नावाच्या बुळबुळीत पदार्थाशी मिळतीजुळती आहे आणि तो बुबुळावर टिकून राहतो. घोंगडीची खळ आणि डोळ्यातले ड्रॉप्स, एकाच बीचे!

गिरण्यांमध्ये ही पावडर सुताला आणि तागाला खळ द्यायला जाते, शिवाय कापडावर छपाई करताना रंग पसरू नये म्हणून तो दाट करायलाही. आपल्या बार्शीला ही पावडर करणारे कारखाने आहेत, चिंचेची मोठी बाजारपेठही तिथेच.

टरफलाची गोष्ट मात्र वेगळी. त्यात टॅनिन भरपूर, चव तुरट, आणि टरफलासकट खाल्लं तर पोट बिघडतं. तेच भाजून कुटून कॉफी पावडरीत भेसळ म्हणून घालतात, रंग अगदी सारखा दिसतो. घरातल्या घरात बघायचं तर ग्लासभर पाण्यावर चिमूटभर पावडर टाकायची, खरी कॉफी बराच वेळ तरंगते, भेसळ लवकर तळाशी जाते. चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेली मुळी, तीही अशीच बुडते आणि जाताना पाण्यात रंगाची रेघ सोडते, त्यामुळे पाकिटावर चिकोरी लिहिलेली असेल तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

पोरांच्या खेळात तर चिंचोका हक्काचाच. मुठीत धरून एकी की बेकी खेळा, नाहीतर चिंचोके फरशीवर एका बाजूने घासून पांढरे करा की कवड्यांच्या जागी पटावर टाकायला तयार, चार टाकायचे आणि पांढऱ्या बाजूने किती पडले ते मोजायचं. आणि भाजलेले चिंचोके खायचे असतील तर टरफल काढून गालात ठेवायचे, तासभर तरी मऊ होत नाहीत.