काळ्या बोनेटवरचं कोळ्याचं जाळं

सावलीत उभी असली की गाडी लांबून झकास दिसते. मग एखाद्या रात्री खाली पडलेली किल्ली शोधायला मोबाईलचा टॉर्च लावतो, तो चुकून बोनेटवर पडतो, आणि संपलं. टॉर्चच्या भोवती गोल गोल, बारीक बारीक, शेकडो चरे, अगदी कोळ्याचं जाळं. माझी गाडी काळी, त्यामुळे तर विचारूच नका. पहिला संशय स्वतःवरच आला, की आपण फडका गोल फिरवतो म्हणून हे झालं असणार, मग पुढे महिनाभर हट्टाने सरळ रेषेत फडका मारला, तरी जाळं गोलच.

गंमत अशी आहे की ते चरे गोल नसतातच. टॉर्च हळूहळू सरकवून बघा, जाळ्याचा मध्य टॉर्चबरोबर चालायला लागतो, आता चरे तर काही पळत नाहीत ना! होतं काय, तर चरे सगळीकडे आणि सगळ्या दिशांनी पडलेले असतात, पण बारीक खाच प्रकाश फेकते तो तिच्या लांबीला आडवा. म्हणून टॉर्चच्या प्रतिबिंबाभोवती जे चरे परिघासारखे पडलेत तेवढेच चमकून डोळ्यापर्यंत पोचतात, बाकीचे तिथेच असतात पण गप्प बसतात. स्टीलच्या डब्याचं जुनं झाकण दिव्याखाली धरा, हाच खेळ दिसेल.

आता ही चमक म्हणजे नक्की काय ते बघू, कारण घरी पॉलिश करायला बसणाऱ्या नवख्या माणसाची (म्हणजे माझी) सगळी गडबड इथेच होते. आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. त्यावर सरळ पडलेल्या प्रकाशातला साधारण 4 टक्केच प्रकाश वरच्यावर परत फिरतो, बाकीचा आत जातो. तुमच्या गाडीचा सगळा रुबाब या 4 टक्क्यांवर. तो सगळा एका दिशेने परतला तर बोनेटमध्ये आकाश दिसतं, आणि चऱ्यांच्या कडांवरून इकडेतिकडे उडाला तर पांढरट धुरकट दिसतं. पांढऱ्या गाडीत रंगच इतका उजेड परत फेकतो की हा इकडेतिकडे उडालेला प्रकाश त्यात खपून जातो, काळ्या गाडीत तो लपणार कुठे!

पावसात भिजलेली गाडी नवीकोरी का दिसते त्याचंही उत्तर यातच आहे. क्लिअर कोटचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्याचा आकडा) 1.5 च्या आसपास, पाण्याचा 1.33, हवेचा 1. दोन पदार्थांच्या अपवर्तनांकात जितका फरक जास्त तितका त्यांच्या सीमेवरून प्रकाश जास्त परततो. चऱ्यात हवेऐवजी पाणी भरलं की त्या भिंतीवरून 4 ऐवजी अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्रकाश परततो, म्हणजे चरा आहे तिथेच आहे, पण जवळजवळ अदृश्य. काही पॉलिशमध्ये तेलं आणि फिलर असतात ते नेमकं हेच करतात, चरे भरून टाकतात. बघून मन खूश होतं आणि चार धुण्यांनंतर सगळे चरे घरी परत. म्हणून काम खरंच झालंय का हे बघायचं असेल तर पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसायचा आणि मग टॉर्च मारायचा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा तीन तासांच्या मेहनतीतली निम्मी फडक्यावर निघून आली.

खरा उपाय एकच, चऱ्याच्या आजूबाजूचं मटेरियल घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणायचं. हो, कमी करायचं. पॉलिश म्हणजे काहीतरी वरून लावणं असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण पॉलिशमध्ये मुख्य माल असतो तो बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड, आणि ती क्लिअर कोटला नवे चरे पाडते, फक्त इतके बारीक की डोळ्याला पत्ता लागत नाही. काचेच्या बाबतीत न्यूटनने 1704 च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये हेच लिहून ठेवलंय, की कण जितके बारीक तितके ओरखडे बारीक, आणि शेवटी ते दिसेनासे झाले की आपण म्हणतो पॉलिश झालं. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 0.4 ते 0.7 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि खाचा त्याच्याहून बऱ्याच लहान झाल्या की प्रकाशाच्या लेखी पृष्ठभाग सपाट.

आता कमी करायचं म्हटल्यावर मुळात आहे किती, हा प्रश्न. पत्र्यावर गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग, मग क्लिअर कोट, सगळं मिळून ढोबळमानाने 100 ते 150 मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट 35 ते 50. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन असतो, म्हणजे आपण केसाच्याही निम्म्या-पाऊण जाडीच्या थरावर पॉलिशचं मशीन फिरवणार आहोत. जोरदार कंपाउंडिंगमध्ये (म्हणजे जरा भरड पॉलिशने घासण्यात) त्यातले दोन-चार मायक्रॉन सहज जातात. त्यामुळे दर सहा महिन्यांनी हौसेने रबिंग करून घेणारे लोक बघितले की मला कसंतरी होतं. ओरखड्यावर नख आडवं फिरवा, नख अडकलं तर तो चरा पॉलिशने पूर्ण जाणार नाही, नाद सोडा, फार तर त्याच्या कडा गोलसर करून तो कमी दिसेल एवढं होतं.

मशीन लावायच्या आधी गाडी नीट धुवा, आणि मग हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बोनेटवरून बोटं फिरवा. धुतलेला पत्रा पॉलिशपेपरसारखा खरखरीत लागतो तेव्हा धक्काच बसतो. ते ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक, असलं चिकटून बसलेलं असतं. ते क्ले बारने (मऊ मातीसारख्या वडीने) भरपूर वंगण लावून काढायचं, नाहीतर मशीनच्या फोमच्या पॅडखाली येऊन तेच चरे पाडतं. लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रे मिळतो, तो मारल्यावर गाडीवरून जांभळे ओघळ यायला लागतात, ती लोखंडाशी झालेली रासायनिक क्रिया. घरचे विचारतात गाडीला काय झालं.

मशीन दोन जातीची. रोटरीत पॅड एकाच अक्षाभोवती फिरतं, ताकद भरपूर, पण एका जागी रेंगाळलं की घर्षणाने क्लिअर कोट तापतो, मऊ होतो आणि जळतो. दुसरी ड्युअल ॲक्शन, तिच्यात पॅड फिरता फिरता छोट्या वर्तुळात हेलकावेही घेतं, आणि जास्त दाबलं तर फिरायचंच थांबतं. नवख्यासाठी हीच. मला हे माहीत होतं, तरी ओळखीतल्या एकाकडे रोटरी होती म्हणून तीच आणली, फुकट मिळालं की अक्कल गहाण. बोनेटच्या मधोमध सगळं छान चाललेलं, मग त्याच्या उंच कडेवर आलो, हात जरा हळू झाला, आणि पांढऱ्या फोमवर काळा रंग. दोन सेकंद कळेना. ज्या गाड्यांवर क्लिअर कोट नसतो त्यांचा रंग पॅडवर येतो, ते ठीक, पण माझ्या गाडीवर क्लिअर कोट होता, म्हणजे आता नव्हता! बोटभर लांबीची मॅट पट्टी, ती अजून आहे.

कडाच का जळतात त्याचं कारण फार आवडलं मला, जळल्यानंतर वाचलं तरी. रंग मारताना तो द्रव असतो, आणि पृष्ठताणामुळे द्रव धारदार कडेवरून मागे सरकतो, म्हणजे तिथे थर आधीच पातळ वाळतो. वर पॅडचा सगळा दाब सपाट भागावर पसरतो तसा कडेवर पसरत नाही, एका रेघेवर येतो. पातळ थर, जास्त दाब, जास्त उष्णता. म्हणून कडांवर आणि बॉडीलाइनवर (पत्र्यातल्या उठावदार घडीवर) मास्किंग टेप लावायची. बंपर प्लास्टिकचा, उष्णता पसरू देत नाही, तो तर लोखंडी पत्र्यापेक्षा लवकर तापतो, तिथेही जपून. काम चालू असताना अधूनमधून पत्र्यावर तळहात ठेवा, ठेववत नसेल तर थांबा.

बाकी पद्धत साधी. सावली, थंड पत्रा, मऊ पॅड आणि बारीक पॉलिश आधी, एका कोपऱ्यात ट्राय करून बघायचं, त्यानेच भागलं तर कंपाउंडला हातच लावायचा नाही. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग, आधी आडवं मग उभं, हात गोगलगायीसारखा. पॅड फिरतंय की नुसतं थरथरतंय ते कळावं म्हणून त्याच्या मागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्याही टेपने झाका, तिथे पॉलिश वाळलं की पांढरे डाग काढता काढता नाकी नऊ येतात.

शेवटी वॅक्स किंवा सीलंट. तो संरक्षणाचा थर, त्याने चरे जात नाहीत. सिरॅमिक कोटिंगच्या बाटलीवरचं 9एच बघून लोक भारावतात, पण तो पेन्सिलीच्या कडकपणाचा आकडा, खनिजांच्या मोह्स स्केलचा (खनिजांचा कडकपणा 1 ते 10 मध्ये मोजणाऱ्या) 9 नाही. साध्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, ते मोह्सवर 7, आणि क्लिअर कोट त्यांच्यापुढे लोणी. सकाळी निघताना कोरडा फडका मारायची आपली जी सवय आहे ना, ती म्हणजे बारीक सँडपेपर फिरवणंच, जाळं तिथूनच सुरू होतं. म्हणून आता आधी पाण्याची धार, मग शाम्पू, मग मायक्रोफायबर, आणि तो फडका एकदा जरी जमिनीवर पडला तरी गाडीवर परत नाही. माझ्याकडे असे सहा फडके झालेत, सायकलची चेन पुसायला.